पहिली रहस्यकादंबरी: शेवट ठरवण्यापासून करारापर्यंत

रहस्यकादंबरी लिहायची म्हणणाऱ्या बहुतेकांकडे सुरुवात तयार असते. आतून कडी लावलेली खोली, मुसळधार पाऊस, घाटात बंद पडलेली गाडी. पुढे काय ते लिहिता लिहिता सुचेल, असं त्यांना वाटत असतं. पन्नासेक पानांनंतर गाडं अडतं आणि वही कपाटात जाते. काहींची कादंबरी पूर्ण होते, पण पाठवायची कुठे, कोणत्या फाँटमध्ये, करारावर सही करण्याआधी काय बघायचं, हे कुणी सांगत नाही. मी या वाटेने गेलो आहे. तुमचा वेळ आणि मनस्ताप वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी एक कसोटी सांगतो, पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावरच उभ्या आहेत. रहस्यकादंबरीचा चांगला वाचक शेवट कळल्यावर मागे जातो. बाराव्या पानावर तो माणूस खरंच तसं म्हणाला होता का, हे तो तपासतो. या दुसऱ्या वाचनात टिकेल असंच लिहायचं.

१. शेवट आधी लिहून काढा

पहिलं प्रकरण लिहिण्याआधी दोन पानी टिपण करा: गुन्हा कुणी केला, का केला, कसा केला, लपवण्यासाठी काय केलं आणि कोणत्या एका गोष्टीमुळे तो पकडला जातो. हे टिपण कादंबरीत कुठेही येणार नाही. ते तुमच्यासाठी आहे, म्हणून साध्या भाषेत लिहा.

‘का’ या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्या. पैसा, सूड, मत्सर असे एकेक शब्द पुरत नाहीत. सामाईक सातबारा, त्यावर नाव न लागलेली बहीण, हक्कसोडपत्रावर घेतलेली सही, पुनर्विकासाला गेलेली सोसायटी, पतसंस्थेत अडकलेली ठेव: आपल्याकडची भांडणं अशा कागदांवर उभी असतात. हेतू असा ठोस असला की कथेतली माणसं आपोआप ठोस होतात.

२. दोन वेळापत्रकं करा

एका कागदावर खरं घडलं ते, तासातासाने. दुसऱ्यावर तपास करणाऱ्याला ते कोणत्या क्रमाने कळलं ते. कथानक दुसऱ्या कागदावरून चालतं, पण चुका सापडतात पहिल्यावर. मिरजेहून पुण्याला जाऊन रात्रीत परत येणं त्या वेळेत जमतं का? त्या दिवशी कोणता वार होता? अमावास्या असेल तर गच्चीवरून चेहरा कसा दिसला? कॅलेंडर शेजारी ठेवूनच हे काम करा.

वही, एक्सेल, भिंतीवरच्या चिठ्ठ्या, काहीही चालेल. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

३. सुगावे पेरा, आणि उघड्यावर पेरा

या प्रकाराचा जीव इथे आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवतो.

समजा, मिरजेतला जुना वाडा आहे, मे महिना आहे. खून शनिवारी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान झाला. पुतण्याचा जबाब असा, की त्या वेळात मी माडीवर टीव्हीवर मॅच बघत होतो. मॅचचा तपशीलही तो बिनचूक सांगतो. प्रत्यक्षात त्या पेठेत सव्वासात ते पावणेनऊ वीज गेलेली होती. हे वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलं पाहिजे, पण त्याच्या लक्षात येता कामा नये.

‘त्या संध्याकाळी वीज गेली होती’ असं सरळ लिहिलंत तर सगळं तिथेच संपलं. म्हणून तिसऱ्या प्रकरणात, रविवारी सकाळी, मोरीत पाणी नाही. नळाला पाणी येतं संध्याकाळी साडेसात ते साडेआठ. तेवढ्यात मोटर लावून वरची टाकी भरायची असते. काकू घरातल्या लहानग्या राजूवर चिडतात: “एक काम सांगितलं होतं, तेही विसरलास!” राजू म्हणतो, “दाबलं होतं बटण, शप्पथ.” काकू त्याला खोटारडा म्हणतात, राजू रडतो, तेवढ्यात दारात पोलिसांची जीप थांबते. घरात काल माणूस मेलाय आणि या बाईला टाकीचं पडलंय, एवढंच वाचकाच्या मनात राहतं. बटण दाबूनही मोटर का चालली नाही, हा प्रश्न तो विचारत नाही.

आठव्या प्रकरणात दुसरा धागा येतो. गिरणीवाला म्हणतो, शनिवारचं दळण रविवारी दिलं. कारण सांगायच्या आत तो दुसऱ्याच गोष्टीवर बोलू लागतो. सतराव्या प्रकरणात दोन्ही धागे जुळतात.

आता पळवाटा बुजवायच्या. पुतण्याने मॅच मोबाइलवर बघितली असेल तर? म्हणून पहिल्या जबाबातच त्याच्या तोंडी ‘टीव्हीचा आवाज मोठा होता, म्हणून खालची हाक ऐकू आली नाही’ हे वाक्य घाला. वाड्यात इन्व्हर्टर असेल तर? दुसऱ्या प्रकरणात कुणीतरी गरमीने वैतागून ‘अजून इन्व्हर्टर घेतला नाहीत’ असं म्हणू दे. नव्या लेखकांच्या कथा कोसळतात त्या मुख्य कल्पनेमुळे क्वचित. बहुधा अशा न बुजवलेल्या भोकांमुळे.

यातून निघणारे नियम थोडक्यात:

- महत्त्वाच्या सुगाव्याला परिच्छेदाचं शेवटचं वाक्य देऊ नका. मध्ये ठेवा आणि लगेच भांडण, बातमी, पाहुणा असं काहीतरी आणा.
- निर्णायक गोष्ट किमान दोनदा, वेगवेगळ्या तोंडून येऊ द्या.
- गुन्हेगार पहिल्या चौथाई भागात वाचकाला भेटलाच पाहिजे. शेवटच्या प्रकरणात उपटलेला जुळा भाऊ ही फसवणूक आहे.
- निवेदक खोटं बोलत नाही. पात्रं हवं तेवढं खोटं बोलू शकतात.

४. पोलीस आणि कायदा आजचा लिहा

सर्वांत जास्त हस्तलिखितं इथे घसरतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाची शिक्षा आता कलम १०३ खाली आहे. ‘तीनशे दोन लागणार’ हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलं आहे, की २०२५ मध्ये घडणाऱ्या कथेतला फौजदारही ते सर्रास बोलतो. नव्या संहितेतलं कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे! कथेतला गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल, तर मात्र ३०२ बरोबर. त्याच दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियमही लागू झाले, त्यामुळे सगळेच कलम क्रमांक तपासून घ्या.

कथानकाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी:

मृतदेह सापडला आणि कारण कळत नसलं, तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, मग इन्क्वेस्ट पंचनामा (मृतदेह कसा आणि कुठल्या स्थितीत सापडला त्याची नोंद), मग शवविच्छेदन. विषबाधेचा संशय असेल तर डॉक्टर मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो. राज्याचं मुख्य केंद्र मुंबईत कलिन्याला आहे. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर येत नाही. या थांबण्यातच तुमच्या कथेला वेळ मिळतो, तो वापरा.

मृत्यूची वेळ ‘रात्री ९ वाजून १० मिनिटांनी’ अशी कुणी डॉक्टर सांगत नाही. तो काही तासांचा पट्टा देतो, आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात व महाबळेश्वरच्या डिसेंबरात तो पट्टा सारखा नसतो.

पोलिसांसमोर दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी संबंधित तेवढा भाग ग्राह्य धरता येतो. म्हणूनच दोन पंचांसमोर आरोपीचं म्हणणं नोंदवणारा मेमोरँडम पंचनामा होतो आणि मग सगळे मिळून विहिरीवर किंवा उसाच्या फडात जातात. शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून गुन्हेगाराकडून कबुली घेण्यापेक्षा हा प्रसंग कितीतरी जिवंत होतो. अटक केल्यावर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, हेही वेळापत्रकात धरा.

खासगी गुप्तहेर तुमचा नायक असेल, तर त्याला अटकेचे, झडतीचे, कॉल रेकॉर्ड मागवण्याचे अधिकार नाहीत. त्याची ही अडचण कथेत दाखवा. गावातली कथा असेल तर पोलीस पाटलाला विसरू नका. पहिली खबर बहुधा त्याच्याकडेच जाते. मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालय असतं, ग्रामीण भागात जिल्हा पोलीस अधीक्षक. नाशिक शहर आणि नाशिक ग्रामीण ही दोन वेगळी पोलीस दलं आहेत. कथेत हद्दीचा वाद हवा असेल तर तो इथे सापडतो.

हे शिकायचं कुठे? राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर, संवेदनशील गुन्हे वगळता, प्रथम खबरी अहवाल वाचायला मिळतात. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सत्र न्यायालयांचे निकाल आहेत, काही मराठीतही. ‘यातील मयत’, ‘सदर इसम’, ‘फिर्यादी’, पंचनाम्यातली चतुःसीमा, ही भाषा तिथे अस्सल मिळते. आठवड्याला एक निकाल वाचा. साक्षीदार कुठे फिरला, पंच का फितूर झाला, उलटतपासणीत वकिलाने घड्याळाचा मुद्दा कसा काढला, हे वाचताना कथानकं सुचतात. मात्र खरी माणसं, खरी घरं ओळखू येतील असं काही उचलू नका. त्यांचं दुःख खरं आहे, शिवाय बदनामीचा दावाही होऊ शकतो.

एखादे निवृत्त पोलीस अधिकारी ओळखीचे असतील तर नक्की भेटा. जाताना नेमके प्रश्न लिहून न्या.

५. लिहिणं

याबद्दल फार सांगत नाही. रोज ठरावीक वेळी बसा. साठ ते ऐंशी हजार शब्दांची मर्यादा पहिल्या कादंबरीला योग्य. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत मागे जाऊन दुरुस्ती करू नका. ‘प्रकरण चारमध्ये किल्लीचा उल्लेख घालणे’ अशी टीप समासात टाकून पुढे चला.

६. पहिले वाचक

तीन-चार जण पुरेत, पण घरचे नकोत. एक रहस्यकथा भरपूर वाचणारा, एक अजिबात न वाचणारा, आणि जमलं तर एक वकील किंवा डॉक्टर. त्यांना ‘आवडली का?’ विचारू नका. विचारा: कोणत्या पानावर कुणाचा संशय आला? कुठे कंटाळा आला? संशयिताचं नाव पेन्सिलने समासात लिहायला सांगा. सगळ्यांनी एकाच पानावर खरं नाव लिहिलं असेल, तर तिथला सुगावा फार मोठ्याने बोलतो आहे. शेवटपर्यंत कुणालाच ते नाव सुचलं नसेल आणि उलगडा वाचूनही पटलं नसेल, तर सुगावे कमी पडले.

७. आधी कथा छापून आणा

मराठीत यासाठी एक हक्काची जागा आहे: दिवाळी अंक. १९०९ साली ‘मनोरंजन’ने ही प्रथा सुरू केली आणि आजही शेकडो अंक निघतात. ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारखे अंक रहस्य, भय, गूढ या प्रकारांसाठी वाचकांना ठाऊक आहेत. पाठवण्याआधी मागचे दोन-तीन अंक वाचा आणि शब्दमर्यादा पाळा. संपादकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं. गणपतीनंतर पाठवलेल्या कथेला जागा मिळणं कठीण. एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही दारं बंद होतात.

दोन-तीन कथा छापून आल्या की प्रकाशकाला पाठवायच्या पत्रात लिहायला काहीतरी असतं. प्रतिलिपीसारख्या मंचावर लिहिलंत तरी सराव होतो. मात्र संपूर्ण कादंबरी तिथे फुकट टाकली तर पुढे काही प्रकाशक ती घ्यायला तयार होत नाहीत.

८. हस्तलिखित तयार करा

- मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधला मजकूर रूपांतर करताना जोडाक्षरं आणि रफार बिघडतात. पुन्हा मुद्रितशोधन करावं लागतं.
- वर्ड आणि पीडीएफ, दोन्ही प्रती ठेवा. पानांना क्रमांक द्या.
- शासनमान्य लेखनाचे नियम एकदा नीट वाचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पहिल्याच पानावर दिसल्या की संपादकाचा विश्वास उडतो.
- पात्रांच्या नावांचं लेखन सगळीकडे सारखं ठेवा. ‘सुमित’ आणि ‘सुमीत’ हे रहस्यकथेत दोन माणसं वाटू शकतात.

९. प्रकाशकाकडे पाठवा

पुण्यात अप्पा बळवंत चौकात, मुंबईत दादरला किंवा तुमच्या गावातल्या दुकानात जा आणि रहस्यकथांच्या कप्प्यात कोणाकोणाची पुस्तकं आहेत ते बघा. अलीकडच्या वर्षांत मराठीतली नवी रहस्यकादंबरी कुणी काढली, बांधणी कशी आहे, किंमत काय आहे, हे टिपून घ्या. केवळ कवितासंग्रह किंवा अभ्यासक्रमाची पुस्तकं काढणाऱ्याला कादंबरी पाठवणं व्यर्थ आहे.

पाठवायचा संच असा:

- एक पानी पत्र: कादंबरीचं नाव, शब्दसंख्या, तुमचा परिचय, आधी छापून आलेल्या कथा
- दोन पानी सारांश, शेवटासह
- पहिली तीन प्रकरणं; मागितली तर संपूर्ण हस्तलिखित
- संपर्काचा तपशील

सारांशात शेवट लपवण्याचा मोह अनेकांना होतो. संपादकाला उलगडा सशक्त आहे की नाही हेच बघायचं असतं, तेव्हा गुन्हेगाराचं नाव स्पष्ट लिहा.

उत्तराला काही महिने लागतात. तीन-चार महिन्यांनी एकदा विनम्रपणे विचारणा करा. दरम्यान पुढच्या कादंबरीचं टिपण सुरू करा.

पहिलं पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेचीही माहिती घ्या. मंडळ ठरावीक काळात अर्ज मागवतं. अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा.

१०. करार नीट वाचा

पुस्तक स्वीकारल्याचा फोन आला की आनंदात माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. तसं करू नका. कागद घरी आणा, दोन दिवस ठेवा, वकिलाला दाखवता आला तर उत्तमच.

कॉपीराइट कायदा १९५७ तुमच्या बाजूने बरंच काही सांगतो. कृती लिहून झाली की कॉपीराइट तुमचाच. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाल्यास उपयोगी. हे हक्क तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतात. हक्कांचं हस्तांतरण लेखी असावं लागतं. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. हस्तांतरित केलेले हक्क एका वर्षात वापरले नाहीत, तर करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास ते तुमच्याकडे परत येतात. ‘वेगळं म्हटलेलं नसल्यास’ हे शब्द लक्षात ठेवा, कारण अनेक छापील करारांत नेमकं वेगळंच म्हटलेलं असतं.

सहीआधी या गोष्टींवर बोट ठेवून विचारा:

- फक्त छापील पुस्तकाचे हक्क, की ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट, वेबमालिका यांचेही? रहस्यकथेवर पडद्याचं लक्ष असतं. ते हक्क स्वतःकडे ठेवा.
- मानधन छापील किमतीवर की प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर? फरक मोठा पडतो. ४०० रुपये किंमत, ५०० प्रती, छापील किमतीवर १० टक्के, म्हणजे सगळ्या प्रती खपल्यावर २०,००० रुपये. विक्रेत्याची सूट वजा करून हिशेब केला तर ही रक्कम बरीच खाली येते.
- आवृत्ती किती प्रतींची आणि कधीपर्यंत निघेल?
- विक्रीचा हिशेब वर्षातून किती वेळा मिळेल?
- आवृत्ती संपल्यावर किती काळात पुनर्मुद्रण झालं नाही, तर हक्क परत येतील?
- ‘पुढची तीन पुस्तकं आम्हालाच’ असं कलम आहे का? असल्यास खोडून मागा.

कोणी ‘निवड झाली आहे, फक्त छपाईचा खर्च तुम्ही द्या’ म्हणालं, तर तो छपाईची सेवा विकतो आहे. ती घेण्यात गैर काही नाही, पण मग कोटेशन घ्या: फर्मे (छपाईत एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे गठ्ठे) किती, कागद कोणता, मुखपृष्ठाचं काम कुणाचं, न खपलेल्या प्रती कुणाच्या. पारितोषिकाचं आमिष दाखवून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहा.

सहीच्या वेळी लागणारे कागद: पॅन, बँकेचा तपशील, ओळखपत्र, कृती स्वतःची असल्याचं लेखी निवेदन, आणि दिवाळी अंकात आधी काही भाग छापून आला असेल तर त्याचा उल्लेख.

११. स्वतः प्रकाशित करायचं असेल तर

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. छापील आणि ई-आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक लागतो. प्रकाशक म्हणून कायद्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन नेमून दिलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवणं तुमच्यावर येतं. त्यांत मुंबईचं एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालयही आहे.

किंडलवर मराठी ई-बुक टाकता येतं. ‘सिलेक्ट’ योजनेत नाव दिलंत तर ९० दिवस तेच ई-बुक इतरत्र विकता येत नाही, हे आधी समजून घ्या. परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंत ई-बुक सर्वांत लवकर पोहोचतं. ऑडिओसाठी रहस्यकथा फार अनुकूल असते, मात्र वेळा, तारखा, आकडे यांवर बेतलेला सुगावा ऐकताना निसटतो. तो एखाद्या पात्राच्या तोंडून पुन्हा येऊ द्या.

संपादन आणि मुद्रितशोधनाचे पैसे वाचवू नका. मुखपृष्ठावर कमी खर्च करता येतो.

१२. पुस्तक हातात आल्यावर

आधी पाठमजकूर, म्हणजे मागच्या मुखपृष्ठावरचा ब्लर्ब, वाचा. ब्लर्ब लिहिणाऱ्याने उत्साहात अर्धा उलगडा करून टाकलेला असू शकतो. खरं तर हे छपाईआधीच बघायचं. परीक्षणासाठी प्रती पाठवताना ‘उलगडा उघड करू नये’ अशी विनंतीची चिठ्ठी जोडा. समीक्षक ती बहुधा मानतात.

ग्रंथालयं ही मराठी पुस्तकाची मोठी गिऱ्हाईकं आहेत. शासनमान्य ग्रंथयादीसाठी पुस्तक पाठवलं का, हे प्रकाशकाला विचारा. स्वतः काढलं असेल तर स्वतः पाठवा. तुमच्या तालुक्याच्या वाचनालयात एक प्रत द्या आणि दोन महिन्यांनी ग्रंथपालांना विचारा, किती जणांनी नेली आणि परत करताना काय म्हणाले. सतराव्या प्रकरणात कुणाला शंका आली असेल, तर ती वहीत टिपून ठेवा आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकाला दुरुस्तीची यादी द्या.